संगणकातील पुसलेल्या फाइलींची पुनर्प्राप्ती : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासलेखन साधनांवर उभे असते आणि साधनांचा इतिहास हा जतनाचा असतो तितकाच विनाशाचाही असतो. वाळवी, ओल, आग, लढाया आणि माणसाची बेफिकिरी यांतून जे उरले त्याच्याच आधारे भूतकाळाची मांडणी करावी लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कागदाची जागा संगणकीय नोंदी घेऊ लागल्या, तेव्हा विनाशाचे स्वरूपही बदलले. कागद फाडावा किंवा जाळावा लागतो. संगणकावरील मजकूर मात्र एक कळ दाबताच नाहीसा होतो. निदान पाहणाऱ्याला तसे वाटते.

या क्रियेला मराठीत ‘पुसणे’ असे म्हटले जाते. हा शब्द पाटीवरून आला आहे. पाटी पुसली की अक्षर उरत नाही. संगणकात मात्र दीर्घकाळ असे घडत नव्हते. तेथील ‘पुसणे’ हे ग्रंथालयाच्या तालिकेतील पत्रक काढून टाकण्यासारखे होते. पत्रक गेले तरी ग्रंथ मांडणीवर जागच्या जागी असतो. फक्त तो कोठे आहे हे सांगणारे कोणी उरत नाही आणि ती जागा रिकामी समजून तेथे दुसरा ग्रंथ ठेवला जाण्याची शक्यता निर्माण होते. पुसलेल्या फाइली परत मिळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा जन्म नोंद आणि मजकूर यांच्यातील या अंतरातून झाला.

प्रस्तुत लेखात या सॉफ्टवेअरच्या वाटचालीचे तीन टप्पे मांडले आहेत. पहिल्या टप्प्यात अनुक्रमणिकेच्या आधारे, तर दुसऱ्यात मजकुराच्या अंतर्गत खुणांच्या आधारे पुनर्प्राप्ती होत असे. तिसऱ्या टप्प्यात पुनर्प्राप्तीची शक्यताच आकुंचित होत गेली. पुनर्प्राप्ती हा यंत्ररचनेतील काटकसरीचा अनपेक्षित लाभ होता, जतनाची हमी नव्हती, ही या लेखाची मुख्य मांडणी आहे.

१. पार्श्वभूमी : काटकसरीतून उरलेला मजकूर

चकतीवर माहिती साठवण्याच्या व्यापारी पद्धतीचा प्रारंभ आयबीएम कंपनीच्या १९५६ मधील ‘रामॅक ३०५’ या यंत्रापासून मानला जातो. ५० चकत्यांच्या या यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढे १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा त्याच्या फ्लॉपीची क्षमता अवघी १६० किलोबाइट होती आणि तिच्यावरील लेखन-वाचन अत्यंत संथ होते. फाइल पुसताना तिचा प्रत्येक बाइट खोडणे म्हणजे ती पुन्हा लिहिण्याइतकाच वेळ घालवणे होते. अशा परिस्थितीत रचनाकारांनी सोपा मार्ग निवडणे स्वाभाविक होते.

टिम पॅटरसन यांच्या कार्यप्रणालीतून विकसित झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘डॉस’मध्ये प्रत्येक फाइलसाठी अनुक्रमणिकेत ३२ बाइटांची एक नोंद असे. तीत फाइलचे नाव, आकार, दिनांक आणि मजकुराचा आरंभ कोणत्या खंडात आहे त्याचा क्रमांक असे. पुढील खंडांची साखळी ‘फाइल अ‍ॅलोकेशन टेबल’ या जागावाटपाच्या तक्त्यात नोंदवलेली असे. फाइल पुसण्याची आज्ञा मिळताच दोनच गोष्टी घडत. नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ‘ई५’ ही सांकेतिक खूण, म्हणजे २२९ ही संख्या, लिहिली जाई आणि तक्त्यातील साखळी शून्यवत केली जाई. फाइलचा आकार, आरंभखंडाचा क्रमांक आणि संपूर्ण मजकूर यांना कोणीही हात लावीत नसे.

म्हणजेच मजकूर टिकून राहिला तो कोणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, तर वेळ वाचवण्याच्या गरजेमुळे. पुनर्प्राप्तीचा पुढील सर्व इतिहास समजून घेताना ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२. पहिला टप्पा : अनुक्रमणिकेच्या आधारे पुनर्प्राप्ती

या वस्तुस्थितीचा उपयोग सर्वसामान्य संगणकधारकाला करून देण्याचे श्रेय प्रामुख्याने पीटर नॉर्टन या अमेरिकन आज्ञावलीकाराकडे जाते. विमान व अवकाश उद्योगातील नोकरी गेल्यानंतर नॉर्टन लघुसंगणकांच्या कामाकडे वळले होते. एकदा त्यांच्या हातून एक फाइल चुकून पुसली गेली. तो मजकूर पुन्हा भरत बसण्याऐवजी त्यांनी तो शोधून काढणारी आज्ञावली लिहिली. ‘अनइरेज’ नावाची ही आज्ञावली १९८२ मध्ये ‘नॉर्टन युटिलिटीज’ या संचातून विक्रीस आली. १९९० मध्ये सिमँटेक कंपनीने नॉर्टन यांचा व्यवसाय विकत घेतला. एका चुकीतून उभ्या राहिलेल्या साधनाला आठ वर्षांत एका मोठ्या कंपनीचे गिऱ्हाईक मिळाले, यावरून ही गरज किती सार्वत्रिक होती याची कल्पना येते.

या आज्ञावलीची कार्यपद्धती साधी होती. ‘ई५’ ही खूण असलेल्या नोंदी शोधावयाच्या, आरंभखंड पाहावयाचा आणि आकारावरून किती खंड लागतील याचा हिशेब करून ते क्रमाने जोडावयाचे. नावाचे पहिले अक्षर मात्र कायमचे गेलेले असे. त्यामुळे डॉसमधील पुनर्प्राप्तीची आज्ञा वापरणाऱ्याला ते अक्षर विचारीत असे. यंत्र जे विसरले ते माणसाने स्मृतीतून पुरवावयाचे, असा हा व्यवहार होता.

या पद्धतीची मर्यादाही येथेच होती. साखळी नष्ट झाल्यामुळे खंड सलग असतील असे गृहीत धरावे लागे. फाइल चकतीवर विखुरलेली असल्यास, किंवा मधल्या काळात त्या जागी दुसरे काही लिहिले गेल्यास, हाती आलेला मजकूर तुटक किंवा भेसळयुक्त असे.

१९८० च्या दशकाच्या मध्यास पॉल मेस यांच्या ‘मेस युटिलिटीज’ने चुकून ‘फॉरमॅट’ झालेली हार्ड डिस्क परत मिळवण्याची सोय आणली. १९८५ मध्ये सेंट्रल पॉइंट सॉफ्टवेअर या कंपनीचा ‘पीसी टूल्स’ हा संच आला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एमएस-डॉस ५.०’ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘अनडिलीट’, ‘अनफॉरमॅट’ आणि ‘मिरर’ या आज्ञा समाविष्ट केल्या. त्या सेंट्रल पॉइंटकडूनच घेतल्या होत्या. यातील ‘मिरर’ ही आज्ञा विशेष लक्षणीय आहे. ती जागावाटपाच्या तक्त्याची प्रत आधीच काढून ठेवीत असे. १९९३ मधील ‘एमएस-डॉस ६.०’ ने आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यातील एका पर्यायानुसार पुसलेल्या फाइली एका गुप्त कप्प्यात हलवल्या जात. अ‍ॅपलच्या १९८३ मधील ‘लिसा’ संगणकाच्या पडद्यावर कचरापेटीचे चित्र आलेच होते. ‘विंडोज ९५’ मधील ‘रिसायकल बिन’मुळे ही कल्पना घरोघरी पोहोचली.

या क्रमातून एक महत्त्वाचे स्थित्यंतर दिसते. अपघातानंतर शोध घेण्याऐवजी अपघाताची अपेक्षा ठेवून आधीच व्यवस्था करण्याकडे रचनाकार वळले. पुसणे ही एका क्षणाची कृती न राहता दोन टप्प्यांची झाली. ‘कचऱ्यात टाकणे’ आणि ‘कचरा रिकामा करणे’ यांच्यामध्ये पश्चात्तापाला जागा ठेवण्यात आली.

३. पुसलेला मजकूर आणि सत्ता : व्हाइट हाउसमधील प्रकरण

पुसलेली नोंद परत मिळण्याला राजकीय आणि ऐतिहासिक महत्त्व आहे हे जगाला प्रथम ठळकपणे दिसले ते अमेरिकेतील इराण-काँट्रा प्रकरणात. इराणला गुप्तपणे शस्त्रे विकून त्यातील पैसा निकाराग्वातील बंडखोरांकडे वळवल्याचे हे प्रकरण नोव्हेंबर १९८६ मध्ये उघडकीस आले. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत आयबीएमच्या ‘प्रॉफ्स’ या प्रणालीद्वारे संदेशांची देवाणघेवाण होत असे. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर आणि त्यांचे सहकारी ऑलिव्हर नॉर्थ यांनी त्या महिन्यात आपले हजारो संदेश प्रणालीतून काढून टाकले. तथापि, माहितीच्या राखीव प्रती चुंबकीय फितींवर नियमितपणे निघत होत्या. त्या फितींतून संदेश पुन्हा मिळाले आणि १९८७ मधील टॉवर आयोगाच्या अहवालाला त्यांचा मोठा आधार लाभला.

येथे मजकूर परत मिळाला तो एखाद्या चतुर सॉफ्टवेअरमुळे नव्हे, तर एका नित्याच्या कार्यालयीन शिस्तीमुळे, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. प्रकरणाचा उत्तरार्ध तर अभिलेखशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. रेगन प्रशासनाची मुदत संपताना या फिती नष्ट होण्याची शक्यता निर्माण झाली, तेव्हा पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्ह ही संस्था यांनी १९ जानेवारी १९८९ रोजी न्यायालयात धाव घेतली. कागदावर प्रत काढली की मूळ संगणकीय संदेश पुसण्यास हरकत नाही, असा सरकारचा दावा होता. १९९३ मध्ये न्यायालयांनी तो अमान्य केला. संदेश कोणी, कोणास, केव्हा पाठवला ही माहिती छापील प्रतीत येईलच असे नाही. म्हणून संगणकीय नोंद हीच स्वतंत्र अभिलेख होय, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

योगायोग असा की भारताचा सार्वजनिक अभिलेख अधिनियमही १९९३ चाच आहे. संगणकाद्वारे निर्माण झालेली सामग्री त्याने सार्वजनिक अभिलेखाच्या व्याख्येत समाविष्ट केली आणि विहित रीतीखेरीज अभिलेख नष्ट करण्यास मनाई केली. महाराष्ट्रानेही २००५ मध्ये आपला स्वतंत्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम केला.

४. दुसरा टप्पा : मजकुराच्या खुणांवरून शोध

अनुक्रमणिकाच नष्ट झाली असेल तर काय करावयाचे, हा प्रश्न १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आला. याचे एक कारण फाइलप्रणालींतील बदल हे होते. लिनक्सच्या ‘एक्स्ट२’ प्रणालीत पुसलेल्या फाइलच्या खंडांचे क्रमांक तिच्या नोंदीत टिकून राहत. २००१ मध्ये प्रचारात आलेली ‘एक्स्ट३’ प्रणाली पुसताना ते क्रमांकच शून्य करीत असे. जुन्या वाटेने जाणे त्यामुळे अशक्य झाले.

डॅन फार्मर आणि व्हित्से व्हेनेमा यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या ‘द कॉरोनर्स टूलकिट’मध्ये नोंदी बाजूला ठेवून थेट चकतीवरील खंड वाचून त्यांचे वर्गीकरण करण्याचा प्रयत्न होता. त्यानंतर अमेरिकी हवाई दलाच्या तपासयंत्रणेतील जेसी कॉर्नब्लम आणि क्रिस केंडल यांनी ‘फोरमोस्ट’ तयार केले, तर फ्रान्समधील क्रिस्तॉफ ग्रेनिए यांनी २००२ मध्ये ‘फोटोरेक’ हे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिले. बहुतेक प्रकारच्या फाइलींच्या आरंभी ठराविक खूण असते, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय. ‘जेपेग’ छायाचित्राचा आरंभ ‘एफएफ डी८’ या बाइटांनी होतो आणि शेवट ‘एफएफ डी९’ यांनी. अशा खुणा शोधीत संपूर्ण चकती चाळावयाची आणि त्यांच्यामधला भाग कोरून काढावयाचा, म्हणून या पद्धतीला ‘फाइल कार्व्हिंग’ असे नाव पडले.

डिजिटल कॅमेऱ्यांच्या प्रसारामुळे या साधनांची उपयुक्तता सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने या टप्प्यात एक मोठे नुकसानही आहे. कोरून काढलेल्या फाइलला मूळ नाव नसते, ती कोणत्या कप्प्यात होती हे कळत नाही आणि अनुक्रमणिकेतील दिनांकही गेलेला असतो. दफ्तरखान्यातील रुमाल सुटून कागद एकत्र मिसळावेत, तशी ही अवस्था असते. कागद वाचता येतो. पण तो कोणत्या प्रकरणाचा, कोणाच्या दफ्तरातील, हे सांगता येत नाही. संदर्भ तुटलेल्या साधनाचे मोल कमी होते, हे इतिहासाच्या अभ्यासकांस नव्याने सांगण्याची गरज नाही.

जुन्या रचनेचा लाभ किती दूरवर पोहोचला याचे एक विलक्षण उदाहरण येथे देणे उचित ठरेल. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अंतराळयान पृथ्वीवर परतताना नष्ट झाले. कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा त्यात मृत्यू झाला. झेनॉन वायूच्या श्यानतेविषयीच्या प्रयोगाची माहिती असलेली एक हार्ड डिस्क काही महिन्यांनंतर अवशेषांत सापडली. तिचे आवरण वितळले होते. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या तज्ज्ञांनी चकत्या स्वच्छ करून नव्या यंत्रात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ती डिस्क डॉस प्रणालीवर चालत होती. तीत माहिती विखुरलेली नव्हती आणि चकतीचा जो भाग खराब झाला होता तो रिकामाच होता. कौशल्याच्या जोडीला योगायोगही होता.

५. उरलेल्या मजकुराचा धोका

जे परत मिळते ते केवळ मालकालाच मिळते असे नाही. एमआयटीतील सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलट यांनी नोव्हेंबर २००० ते ऑगस्ट २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू अवस्थेत होत्या आणि केवळ १२ डिस्क नीट स्वच्छ केलेल्या आढळल्या. उरलेल्यांतून पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक, वैद्यकीय माहिती आणि खाजगी पत्रव्यवहार हाती आला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने पुसण्याविषयीचा सार्वत्रिक गैरसमज उघड केला.

याच्या आधी, १९९६ मध्ये, न्यूझीलंडचे पीटर गुटमन यांनी चुंबकीय चकतीवरील मजकूर खरोखर नष्ट करण्यासाठी ३५ वेळा निरनिराळ्या आकृतिबंधांचे लेखन सुचवले होते. ही सूचना त्या काळातील विविध लेखनपद्धतींना उद्देशून होती. पुढे २००६ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने आधुनिक चकत्यांसाठी एकदा वरून लिहिणे सर्वसाधारणपणे पुरेसे असल्याचे मार्गदर्शन केले. पुनर्प्राप्तीचे शास्त्र आणि विनाशाचे शास्त्र असे जोडीनेच वाढले.

६. भारतीय संदर्भ आणि मराठी मजकुराचा प्रश्न

भारतात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या स्टेलर या कंपनीने माहिती-पुनर्प्राप्तीच्या क्षेत्रात काम उभे केले. सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने तपासयंत्रणांसाठी ‘सायबरचेक’ हे न्यायवैद्यक साधन विकसित केले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. दुसऱ्याची माहिती हेतुपूर्वक पुसणे हे त्याने गुन्ह्याच्या कक्षेत आणले.

मराठीच्या बाबतीत मात्र एक वेगळा पेच आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये अक्षरबद्ध होत असे. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ आणि सी-डॅकची ‘आयएसएम’ ही त्यांतील परिचित नावे होत. यांतील अनेक फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे अवयव बसवलेले असत आणि प्रत्येकाची मांडणी निराळी असे. अशी फाइल पुसली गेली आणि पुढे पुनर्प्राप्त झाली, तरी तो फाँट किंवा त्याचा रूपांतरक हाती नसेल तर पडद्यावर केवळ निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. युनिकोडमधील मराठी शब्द देऊन त्या चकतीवर शोध घेतल्यास काहीच सापडत नाही. बाइट परत मिळतात, मजकूर मिळत नाही. मोडी न वाचता येणाऱ्या माणसापुढे मोडीतील कागद ठेवावा, त्याप्रमाणे.

या दृष्टीने पाहता १९९० ते २००५ या काळात संगणकावर अक्षरजुळणी झालेला मराठी मजकूर दुहेरी संकटात आहे. माध्यम जीर्ण होत आहे आणि लेखनसंकेतही विस्मृतीत जात आहेत. पुनर्प्राप्तीचे कोणतेही सॉफ्टवेअर यांतील दुसऱ्या संकटावर उपाय करू शकत नाही.

७. तिसरा टप्पा : शक्यतांचा संकोच

तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या फ्लॅश स्मृतीवर आधारलेल्या ‘एसएसडी’ या साठवण-उपकरणांनी परिस्थिती मूलतः पालटली. या स्मृतीत जुन्या मजकुरावर थेट लिहिता येत नाही. आधी मोठा खंड रिकामा करावा लागतो. गती टिकावी म्हणून कोणती जागा निरुपयोगी झाली हे कार्यप्रणालीने उपकरणास कळवण्याची ‘ट्रिम’ ही आज्ञा आली. २००९ मधील ‘विंडोज ७’ मध्ये ती समाविष्ट झाली. आता उपकरण स्वतःच, कोणी न सांगता, पुसलेल्या फाइलीची जागा रिकामी करू लागले. ऑस्ट्रेलियातील ग्रॅम बेल आणि रिचर्ड बॉडिंग्टन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशा उपकरणावरील माहिती झटपट फॉरमॅटनंतर काही मिनिटांतच नाहीशी झाल्याचे दिसले.

याच सुमारास मोबाइल फोनमध्ये कूटबद्धीकरण रूढ झाले. अँड्रॉइडच्या २०१५ मधील ६.० आवृत्तीपासून पुरेशा क्षमतेच्या नव्या उपकरणांना ते अनिवार्य करण्यात आले. किल्ली नष्ट झाली की चकतीवर उरलेला मजकूर असूनही नसल्यासारखा होतो.

येथे इतिहासाचे एक वर्तुळ पूर्ण होते. १९८१ मध्ये गतीच्या गरजेपोटी मजकूर उरत होता. २००९ नंतर गतीच्याच गरजेपोटी तो नष्ट होऊ लागला. दोन्ही वेळी जतन किंवा विनाश हा निर्णय वापरणाऱ्याने घेतलेला नव्हता.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) संगणकीय पुसणे ही दीर्घकाळ मजकुराची नव्हे तर नोंदीची विल्हेवाट होती. पुनर्प्राप्तीचे सॉफ्टवेअर या विसंगतीवर उभे राहिले.

२) अनुक्रमणिकेकडून मजकुराच्या खुणांकडे झालेल्या वाटचालीत शोधाची व्याप्ती वाढली, परंतु साधनाचा संदर्भ हरवला.

३) फ्लॅश स्मृती, ‘ट्रिम’ आणि कूटबद्धीकरण यांमुळे खाजगीपणाचे रक्षण अधिक सुलभ झाले, त्याच वेळी चुकून किंवा हेतुतः नष्ट केलेली नोंद परत मिळण्याची आशा क्षीण झाली.

४) मराठी मजकुराच्या बाबतीत बाइटांच्या जतनाबरोबर फाँट, रूपांतरक आणि लेखनसंकेत यांचे जतनही तितकेच आवश्यक आहे.

व्हाइट हाउसचे संदेश वाचले ते राखीव प्रतींच्या नित्यक्रमामुळे, हे येथे पुन्हा लक्षात घ्यावे लागते. महाविद्यालयांची कार्यालये, स्थानिक नियतकालिके, संशोधन केंद्रे आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध यांतून उद्याच्या इतिहासाची साधने आजच तयार होत आहेत. त्यांच्या नियमित प्रती, त्यांची तालिका आणि युनिकोडमध्ये रूपांतर ही कामे कंटाळवाणी असली, तरी चाळीस वर्षांचा हा इतिहास त्यांच्याकडेच निर्देश करतो. पुसलेले परत मिळण्याचा काळ सरत आला आहे. यापुढे जे टिकेल ते कोणीतरी जाणीवपूर्वक टिकवले म्हणूनच टिकेल.